माळावरचं गवत, बादशहाची छावणी आणि गावचा मुलाणी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरड सोडते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि त्या रात्री नातेपुत्याला मुक्काम करते. एका रात्रीपुरतं गाव शहराएवढं होतं. लाखो माणसं जेवतात, आणि गावातली सगळ्या जातीधर्माची घरं आपापल्या परीने हातभार लावतात. यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र दरवर्षी एक वेगळाच प्रश्न पडतो. त्या दिवसांत आमच्याकडे बाजरीची पेरणी जेमतेम झालेली असते, कधी तीही नसते. माळावर गवताची काडी नसते. मग एवढी माणसं खातात ते अन्न कुठलं? उत्तर अर्थातच सोपं आहे. ते मागच्या वर्षीचं आणि बहुतेक परमुलखातलं अन्न असतं, ट्रकमधून आणि पोत्यांतून आलेलं. दुसरीकडे कुठेतरी पडलेलं ऊन धान्यात साठतं आणि नातेपुत्यात ताटात वाढलं जातं.

अन्न म्हणजे साठवलेलं ऊन, ही गोष्ट शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात असते. इतिहासाच्या पुस्तकात ती नसते. तिथे लढाया, तह आणि वंशावळी असतात. घोडा लढाईत दिसतो, तो काय खातो ते दिसत नाही. आपल्या भागाचा इतिहास गवताच्या बाजूने वाचला तर काय दिसतं, ते या लेखात पाहायचं आहे.

आधी माळ समजून घेऊ. माळशिरस तालुक्याच्या पश्चिम टोकाला नातेपुते. दक्षिणेला शंभू महादेवाची डोंगररांग आणि तिच्यावरचं शिखर शिंगणापूर, उत्तरेला नीरा नदी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. नदीकाठची काळी जमीन सोडली तर बाकी मुरमाड, एक वीत खोदलं की खडक लागणारी. अशा जमिनीवर जंगल दाट होत नाही. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं येतात, मध्येच बोर, बाभूळ, हिवर. बाहेरचा माणूस याला पडीक म्हणतो. सरकारी कागदांतही कितीतरी माळ 'पडीक' म्हणूनच नोंदलेले आहेत, आणि या एका शब्दाने माळाचं जितकं नुकसान केलं तितकं दुष्काळानेही केलं नसेल.

एक हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट होतं. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच युनिट ऊन पडतं. युनिट म्हणजे तेच, जे आपण वीजबिलात पाहतो. एका हेक्टरवर वर्षाला झाले सुमारे १ कोटी ८० लाख युनिट. त्या हेक्टरवर चांगल्या पावसाच्या वर्षी टनभर वाळलेलं गवत निघालं असं धरू. जाळलं तर त्यातून साडेचार-पाच हजार युनिट उष्णता मिळेल. म्हणजे वरून पडलेल्या उन्हाच्या दहा हजार भागांपैकी फार तर तीन भाग गवताने धरले. मुळांतलं वेगळं. बाकीचं ऊन जमीन तापवून, पाणी आटवून आलं तसं निघून गेलं. पुढे माळावर जे काही जगतं, नाकतोड्यापासून लांडग्यापर्यंत आणि मेंढपाळापासून बादशहाच्या घोड्यापर्यंत, ते सगळं या तीन भागांवर.

आता मेंढी आणू. तीस किलोची मेंढी दिवसाला किलोभर सुका चारा खाते, वर्षाला साडेतीनशे किलोच्या वर. गवत सगळंच खाता येत नाही. काही तुडवलं जातं, काही कुजतं, काही वाळवी नेते, आणि काही राहिलं नाही तर पुढच्या वर्षी बी कुठून येणार? निम्मं धरलं तर हेक्टरला जेमतेम एक मेंढी, फार तर दीड. शंभर मेंढरांच्या कळपाला ऐंशी-शंभर हेक्टर माळ हवा. एवढा माळ एका गावात एका माणसाला कोण देणार? म्हणून धनगर चालतो. दिवाळीनंतर वाडे घराबाहेर पडतात, घोड्यावर संसार, कोकरं जाळीत, आणि गवत नसलं तर कापणी झालेल्या शेतांतला पाला. धनगराच्या भटकंतीवर आपल्याकडे फार हळवं लिहिलं जातं. तिच्या मुळाशी मात्र हे भागाकाराचं गणित आहे.

चालता चालता मेंढरं दुसऱ्याच्या शेतात रात्रीची बसवली जातात. लेंडी आणि मूत शेतात राहतं, शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून चालत चालत ज्वारीच्या रानात पोचतं. खताची गाडी आपल्या पायांनी येते. ही व्यवस्था कुणा राजाने घालून दिली नव्हती, आणि नातेपुते, फलटण, माण या पट्ट्यात ती अजून पूर्ण मेलेली नाही.

मेंढीने खाल्लेलं सगळं तिच्या अंगाला लागत नाही. श्वास, चालणं, अंगातली ऊब यातच बहुतेक खर्च होतं. वर्षाकाठी साडेतीनशे किलो गवत खाऊन ती देते एक कोकरू, पंधरा-वीस किलोचं, आणि थोडी लोकर. त्या कोकरावर डोळा ठेवून बसलेला असतो लांडगा. त्याला दिवसाला सरासरी दीड-दोन किलो मांस लागतं. म्हणजे वर्षाला चाळीसएक कोकरं, म्हणजे तितक्याच मेंढ्या, म्हणजे तीस-चाळीस हेक्टर माळ. आणि हे मेंढपाळाने स्वतःसाठी एकही कोकरू ठेवलं नाही असं धरून. म्हणून मेंढरांच्या मानाने लांडगे थोडेच असतात. 

लांडगा आणि मेंढी यांच्या नात्याचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. तिथे सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी लांडग्यांनी मारलेल्या पाळीव जनावरांच्या नोंदी घेतल्या. असद रहमानी हे पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संचालक झाले. सलीम अलींनंतर भारतीय पक्षीशास्त्रात ज्यांचं नाव घ्यावं अशांपैकी ते एक. आपल्या मुलांना सलीम अलींचं नाव निदान ऐकून तरी माहीत असतं, रहमानींचं नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

कोण कुणाला खातं, हा विचार किती जुना? बसऱ्याच्या अल-जाहिजने नवव्या शतकात 'किताब अल-हयवान' नावाचा अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात उंदराचं वर्णन आहे: तो आपल्याहून दुबळे जीव खायला बाहेर पडतो, आणि त्याच वेळी त्याला खाणाऱ्या साप-पक्ष्यांपासून लपत असतो. प्रत्येक जीव कुणाचा तरी शिकारी आणि कुणाचं तरी भक्ष्य, हे त्याने अगदी स्वच्छ पाहिलं होतं. हल्ली व्हॉट्सअॅपवर जाहिजने डार्विनच्या हजार वर्षं आधी उत्क्रांती शोधली असे संदेश फिरतात. तेवढी ओढाताण करायची गरज नाही. अन्नसाखळी नीट पाहिली, हेच त्याचं मोठेपण पुरेसं आहे. त्या साखळीत पुढे जाताना किती गळतं, हे मात्र त्याने मोजलं नव्हतं, आणि त्या काळात मोजणं शक्यही नव्हतं. १९२७ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स एल्टनने खालचे जीव पुष्कळ आणि वरचे थोडे असा मनोरा मांडला. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड लिंडमनने एका लहान तळ्यातल्या नोंदींवरून तो मनोरा ऊर्जेच्या हिशेबात बसवला. पायरीगणिक साधारण दहावा हिस्सा वर जातो, हा पाठ्यपुस्तकातला नियम तिथूनच आला. लिंडमन त्याच वर्षी वारला, सत्ताविसाव्या वर्षी.

आता बादशहाच्या छावणीकडे वळू. औरंगजेब म्हटलं की आज दोन्ही बाजूंना घसा ताणायचा असतो. मला इथे फक्त त्याच्या घोड्यांचं पोट मोजायचं आहे. १६८२ मध्ये तो दख्खनेत आला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. या पंचवीस वर्षांतला मोठा काळ त्याने भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात तंबूत काढला. १६९५ ते १६९९ या काळात त्याचा तळ मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होता. त्याआधी कृष्णाकाठी गलगले इथे छावणी असताना, १६९५ मध्ये, गेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी तिथे येऊन बादशहाला भेटला. त्याला जे आकडे सांगण्यात आले ते त्याने लिहून ठेवलेत: ६० हजार घोडेस्वार, १ लाख पायदळ, सामानासाठी ५० हजार उंट, ३ हजार हत्ती. बाजारबुणगे धरून तर छावणी म्हणजे फिरतं शहरच.

घोड्याला दिवसाला दहा किलो सुका चारा धरला तर ६० हजार घोड्यांना रोज सहाशे टन, वर्षाला दोन लाखांहून जास्त टन. आपल्या हिशेबाने हेक्टरी अर्धा टन खाण्याजोगं गवत मिळतं. म्हणजे नुसत्या घोड्यांसाठी सव्वाचार लाख हेक्टरच्या वर माळ हवा. आजच्या सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५ लाख हेक्टरच्या किंचित आत आहे. जिल्ह्याचा जवळजवळ तीस टक्के भाग, फक्त घोड्यांना! उंट, हत्ती, बैल, खेचरं यांना मी धरलंच नाही. कारेरीला फुगवून सांगितलं असेल असं म्हणून आकडा निम्मा करा, तरी सातवा हिस्सा उरतो. शिवाय गवत जिल्हाभर पसरलेलं आणि घोडी एका जागी, म्हणजे ते रोज कापून, वाहून आणायला हवं. त्यासाठी छावणीतून जी माणसं बाहेर पडत त्यांना आपल्या जुन्या मराठीत 'कही' म्हणतात. बखरींत आणि पत्रांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, कही मारली, कही लुटली. शाळेत असताना मला ती किरकोळ चकमक वाटायची. वरचा हिशेब मांडल्यावर कळतं की संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव बादशहाच्या नेमक्या कुठल्या शिरेवर बोट ठेवत होते. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासिमखानाची फौज संताजीने कोंडली, तेव्हा तिला तोफांपेक्षा उपासमारीने जास्त नमवलं.

त्या संताजीचा शेवट आमच्या शेजारीच झाला. १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात म्हसवडच्या नागोजी मान्याने त्याला मारलं. नातेपुत्याच्या वेशीतून दिसतात तेच हे डोंगर.

हा हिशेब शिवाजी महाराजांना आधीच कळला होता. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे.  त्यातला तर्क मला महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यापुरती ठेवलेली वैरण आणि दाणा आताच बेहिशेबी संपवलात तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि मग तिला मोगलांत नि तुमच्यात फरक उरणार नाही. गवताची गंजी आणि राज्याची अब्रू यांच्यात किती पायऱ्या असतात, ते इतकं नेमकं मोजणारं दुसरं पत्र माझ्या वाचनात नाही.

बादशहाच्या छावणीने आपल्या मुलखाचं काय केलं? मनूची या प्रवाशाने १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनेत दुष्काळाने आणि साथीने वीस लाखांवर माणसं मेल्याचं लिहिलंय. झाडं आणि पिकं यांच्या जागी हाडं उरलेली त्याने वर्णन केली आहेत. त्याला अतिशयोक्तीची सवय होती हे खरं. पण पंचवीस वर्षं माळ, कडबा, धान्य सगळं एका फिरत्या शहराच्या पोटात गेल्यावर पाऊस चुकला, तर कोठारात काय राहणार?

कोठारावरून मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात बहमनी सुलतानाच्या या अधिकाऱ्याने सरकारी धान्याचं कोठार उपाशी लोकांना खुलं केलं, बिदरहून बोलावणं आलं, आणि वाटेत विठोबाने विठू महाराचं रूप घेऊन दरबारात रक्कम भरली, अशी कथा. कथा भक्तीची आहे, आणि तिच्यात बिदरचा मुसलमान सुलतान शेवटी दामाजीपुढे नमतो, त्याला शिक्षा देत नाही. माझं लक्ष कोठाराकडे जातं. कोठार म्हणजे मागच्या चार चांगल्या वर्षांचं ऊन. ते कुणाच्या पोटात जायचं, हा निसर्गाचा प्रश्न उरत नाही, तो माणसांनी आपसात ठरवायचा असतो. माळावर लांडगा आणि मेंढी यांचं जे नातं ते पोटाने ठरतं. गावात कुणाला किती आणि कुठला तुकडा, हे जातीने, वतनाने आणि बळाने ठरत होतं.

म्हणून आता गावाकडे वळू. ज्वारीचं पीक हे आपल्या भागातलं शहाणपण आहे. दाणा माणसाचा, कडबा बैलाचा. एकाच ताटावरचं ऊन दोन पोटांत विभागलं जातं, आणि बैल त्याच कडब्याच्या जोरावर पुढच्या ज्वारीसाठी रान नांगरतो. मोहोळच्या संशोधन केंद्राने विसाव्या शतकात मालदांडीची जी निवड प्रसिद्ध केली, ती इतकी टिकली याचं एक कारण तिचा कडबाही आहे. खळ्यावर रास झाली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग आपापलं बलुतं घेत. आणि त्यांच्यात एक आपला माणूस होता, मुलाणी.

ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बलुतेदारांमध्ये मुलाणा नोंदवला आहे, आणि हिंदू गावगाड्यात हा मुसलमान कसा, याचं त्याला नवलही वाटलं. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा'तही तो आहे. मशिदीची देखभाल आणि बकरं कापणं, ही त्याची कामं. लक्ष्मीआईची जत्रा असो, म्हसोबाचा नवस असो की जावळ, मराठा कुणब्याच्या घरचं बकरंही मुलाण्याच्या सुरीखाली जायचं, आणि त्याचा वाटा त्याला मिळायचा. वाट्याची रीत गावागणिक वेगळी. आमच्या भागात मुलाणी हे आडनाव गावोगाव आहे, आणि त्या आडनावाच्या तरुण मुलांना ते कुठून आलं हे विचारलं तर बरेचदा सांगता येत नाही. शिकलेली घरं ते लपवतातही. मला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नाही.

उलट असं पाहा. कळपात कोकरं जन्मतात ती निम्मी नर. माद्या वाढवायच्या, नर थोडेच ठेवायचे. पावसाळ्यानंतर गवत घटत जातं, उन्हाळ्यात संपतं. त्याआधी कळप कमी केला नाही तर सगळाच कळप हाडकतो आणि माळ मुळापासून उपटला जातो. रानात हे काम लांडग्याचं. गावात ते जत्रेचं, बकरी ईदचं, आठवडी बाजारातल्या खाटकाचं आणि मुलाण्याचं. धनगराचा धर्म वेगळा, मुलाण्याचा वेगळा. पण गवत आणि तोंडं यांचा मेळ दोघांनी मिळून राखला होता. हे काम कुणीतरी करावंच लागतं. नाही केलं तर दुष्काळ करतो, आणि तो नर-मादी बघत नाही.

मेलेल्या जनावरांचं काय होई? तिथे हा हिशेब अन्यायाचा होतो. मेलेला बैल ओढायचा महाराने, कातडं कमवायचं ढोराने, आणि त्याच कातड्याची मोट होऊन विहिरीवर लागायची. ती ओढायला पुन्हा बैलच. गावाचं काहीच वाया जात नव्हतं, असं कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. वाया जाऊ नये म्हणून कुणाला मेल्या जनावराचं मांस खावं लागत होतं, ते सांगत नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडा, असं बजावलं. गिधाड मेलेलं खातं कारण ते गिधाड आहे. माणसावर ती जागा लादलेली होती. या दोन गोष्टींत निसर्ग नि समाज यांची गल्लत करणारे लोक आजही आहेत.

गिधाडंही पुढे संपली. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायला लागले, औषध टोचलेलं जनावर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारात एक इतकी उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. सांगाडा अर्ध्या तासात साफ करणारे गेले आणि त्यांच्या जागी भटकी कुत्री आली.

१८७६-७७ च्या दुष्काळाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. आधी वैरण संपली, मग जनावरं मेली, मग माणसं. क्रम नेहमी हाच. १८७२ च्या जनगणनेत जिल्ह्यात सात लाखांवर माणसं होती, १८८१ मध्ये सहा लाखही भरली नाहीत. काही मेली, काही देशोधडीला लागली. बैल मेल्यावर पाऊस आला तरी नांगर कोण ओढणार? म्हणून दुष्काळ एका वर्षात संपत नसे.

मग कालवा आला. भाटघरचं नवं धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस झालं आणि नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात उतरलं. १९३० च्या दशकात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना उभा केला, श्रीपूरला दुसरा आला, पुढे सहकारी कारखाने निघाले. आमच्या रस्त्यावर सदाशिवनगरला शंकर कारखाना आहे. ऊस हे उन्हाचं लोभी पीक. माळावरचं गवत दहा हजारांतले तीन भाग धरतं, भरपूर पाण्यातला ऊस शंभर-दीडशे भाग धरतो. पण त्यातलं सगळं काही उन्हाचं नाही. पाणी उपसायला वीज लागते, ती बहुतेक कोळशाची. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन जमिनीतून काढून आपण आजच्या उसाला पाजतो, आणि त्याला प्रगती म्हणतो. कालव्याखालचा माणूस उपाशी मरायचा थांबला, हेही तितकंच खरं, आणि ज्यांच्या आजोबांनी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली त्यांच्यापुढे उसाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

उसाने जुना प्रवाह उलटाही केला. ऊस तोडला की वरचं वाढं उरतं. तोडकऱ्यांचे बैल त्यावर जगतात, आणि उरलेलं वाढं विकलं जातं. २०१२-१३ च्या आणि नंतरच्या दुष्काळांत माण, सांगोला भागात चारा छावण्या उघडल्या, तिथे कालव्याखालचा ऊसच कापून जनावरांना घातला. एके काळी माळ ज्वारीच्या रानाला खत पुरवायचा, आता बागाईत रान माळाच्या जनावरांना पोसू लागलं. शब्द तोच, छावणी. बादशहाची छावणी मुलूख खात होती, ही छावणी मुलखातली जनावरं वाचवत होती.

बैलाचं पुढे काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. खिल्लार ही आपल्या भागाची शान. पण नांगरट ट्रॅक्टरने घेतली, मोट इंजिनाने घेतली, म्हणजे बैलाचा कडबा डिझेलने घेतला. कायद्याआधीच बैल हटायला लागला होता, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. मग १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर राज्यात बंदी आली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगण्यावरची शिक्षा मात्र रद्द केली. कुरेशी बिरादरीचं त्यात किती नुकसान झालं यावर आपल्यात पुष्कळ बोललं गेलं. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या हिशेबावर कमी बोललं गेलं. थकलेला बैल दिवसाला सहा-सात किलो वैरण खातो. पूर्वी सांगोल्याच्या बाजारात तो विकून आलेल्या पैशात भर घालून शेतकरी नवा खोंड आणायचा. आता खोंड घेतानाच तो विचार करतो की याचं म्हातारपण कोण काढणार. जातीची जनावरं पोसणारा हात असा आखडला, तर खिल्लार वाचते की जाते? पाऊस चुकलेल्या वर्षी तर प्रश्न उघडाच असतो: गोठ्यातली शेवटची पेंढी दुभत्या गाईला घालायची की कामाला न येणाऱ्या बैलाला? कायदा लिहिणाऱ्यांनी या पेंढीचा विचार केला होता असं मला त्या चर्चांत कुठे दिसलं नाही.

मेंढीला मात्र बंदी नाही, आणि मटणाचा भाव वाढतोच आहे. त्यामुळे मेंढरं टिकून आहेत. माळ टिकलेला नाही. कुठे फळबाग, कुठे औद्योगिक वसाहत, कुठे वनखात्याने खड्डे काढून लावलेली झाडं. गवताच्या जागी झाडं लावणं पुण्याचंच वाटतं, पण लांडग्याला, चिंकाऱ्याला आणि नाकतोडे टिपणाऱ्या माळढोकाला ती झाडं काही कामाची नाहीत. नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, पुढे ते कागदावर सव्वा बाराशेपर्यंत आणलं गेलं.

लांडगा अजून आहे. पुणे-सोलापूर पट्ट्यात कोंबड्यांच्या शेडा गावोगाव झाल्यात. शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा खड्ड्यात टाकतात आणि रात्री कोल्हे, तरस, लांडगे तिथे येतात. त्या कोंबड्यांनी खाल्लेला मका आणि सोयापेंड माळावर उगवलेली नसते. ती मराठवाड्यातून, मध्य प्रदेशातून ट्रकने येते, वारीच्या शिध्यासारखीच.